नळी काढल्यानंतरचे अठ्ठेचाळीस तास
स्थूल रुग्ण आणि मास्कद्वारे दिला जाणारा श्वसनाधार



जमाखर्च आणि ताळेबंद यांच्या जोडीने रुग्णालयातील एखाद्या उपचाराची साध्या शब्दांत ओळख करून द्यावी, अशी या अहवालामागील आमची भूमिका आहे. या वेळचा विषय अतिदक्षता विभागाच्या दाराशी बसलेल्या नातेवाइकांनीच आम्हांस सुचविला, असे म्हटले तरी चालेल. "नळी काढली, पेशंट बोलायलाही लागला, मग आता तोंडावर हा मास्क कशाला?" हा प्रश्न तेथे वारंवार विचारला जातो. काही देणगीदारांनी तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला आहे. रुग्णालयात व्हेंटिलेटर असताना मास्कची निराळी यंत्रे आणि ती सांभाळण्यासाठी रात्रपाळीस अधिक परिचारिका हा खर्च कशासाठी, असे त्यांचे म्हणणे आहे. दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच असून ते स्थूल रुग्णांच्या बाबतीत सर्वांत स्पष्टपणे समजते. आम्ही व्यवस्थापनातील मंडळी, वैद्यकशास्त्र हा आमचा विषय नव्हे. तथापि आमच्या डॉक्टरांकडून आणि परिचारिकांकडून जे समजून घेतले, ते येथे क्रमाने मांडत आहोत.

नळी कधी घालतात, कधी काढतात

न्यूमोनिया, पोटाची मोठी शस्त्रक्रिया, महामार्गावरील अपघात, पावसाळ्यातील लेप्टोस्पायरोसिससारखे तीव्र संसर्ग अशा अनेक कारणांनी रुग्णाचा श्वास अपुरा पडू लागतो. अशा वेळी तोंडातून श्वासनलिकेत एक नळी सरकवून ती व्हेंटिलेटरला जोडण्यात येते. यंत्र रुग्णाच्या वतीने श्वास देते आणि तेवढ्या अवधीत मूळ आजारावर उपचार करता येतात. करोनाच्या साथीत हे सर्व शब्द घरोघरी पोहोचले आणि व्हेंटिलेटर लागला म्हणजे सारे संपले, अशी एक चुकीची समजूतही त्यांच्यासोबत पोहोचली. वस्तुतः व्हेंटिलेटर हा आधार आहे आणि तो शक्य तितक्या लवकर दूर करणे हेच डॉक्टरांचे उद्दिष्ट असते. नळी जितके दिवस राहते, तितका फुप्फुसातील संसर्गाचा धोका वाढतो, श्वसनाचे स्नायू दुबळे होतात आणि गुंगीची औषधे अधिक द्यावी लागतात.

म्हणून रुग्ण सुधारू लागला की त्याची एक परीक्षा घेण्यात येते. यंत्राचा आधार अगदी कमी करून किंवा काढून घेऊन अर्धा तास ते दोन तास रुग्ण स्वतःच्या बळावर कसा श्वास घेतो, हे पाहतात. श्वासाची गती, नाडी, रक्तदाब, रक्तातील प्राणवायू, खोकण्याची ताकद आणि शुद्धीची स्थिती समाधानकारक असल्यास नळी काढण्यात येते. तो क्षण कुटुंबासाठी मोठ्या आनंदाचा असतो. पण परीक्षा उत्तीर्ण झालेल्या रुग्णांपैकीही काहींना पुढील दोनतीन दिवसांत पुन्हा धाप लागते आणि पुन्हा नळी घालावी लागते. ज्यांना अशी दुसऱ्यांदा नळी घालावी लागते, त्यांचा अतिदक्षता विभागातील मुक्काम लांबतो आणि त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाणही अधिक असते. नळी काढण्याच्या दिवसाइतकीच त्यानंतरच्या अठ्ठेचाळीस तासांची चिंता डॉक्टर करतात, ती यामुळेच.

वजनाचा श्वासाशी संबंध

आपल्या छातीच्या पोकळीखाली श्वासपटल नावाचा एक रुंद, घुमटाकार स्नायू असतो. श्वास घेताना तो खाली सरकतो, फुप्फुसांना जागा मिळते आणि हवा आत येते. पोटावर चरबीचा भार असेल तर उताणे निजल्यावर हा भार श्वासपटलास वर ढकलतो. छातीभोवतीच्या चरबीमुळे फासळ्यांचा भाताही जड होतो. परिणामी श्वास सोडल्यानंतर फुप्फुसांत जी थोडी हवा शिल्लक राहावयास हवी, ती फारच कमी उरते. ही शिल्लक म्हणजे शरीराची प्राणवायूची गंगाजळी होय. ती आटली की फुप्फुसांच्या तळाकडील सूक्ष्म वायुकोश मिटू लागतात आणि मिटलेल्या कोशातून रक्तास प्राणवायू मिळत नाही.

नळी आणि यंत्र असेपर्यंत हे लक्षात येत नाही, कारण व्हेंटिलेटर श्वास सोडतानाही फुप्फुसांत थोडा दाब राखून ठेवतो आणि त्या दाबाने वायुकोश उघडे राहतात. नळी काढताच तो दाब नाहीसा होतो. त्यातच घसा सुजलेला असतो, गुंगीचा अंश उरलेला असतो आणि शस्त्रक्रिया झालेली असल्यास टाक्यांच्या वेदनेमुळे रुग्ण मोकळेपणाने खोकत नाही. वरवर पाहता रुग्ण ठीक असतो, घरच्यांना ओळखतो, हाताने खुणा करतो. आत मात्र एकेक वायुकोश मिटत असतो. काही तासांनी धाप दिसू लागते, तेव्हा बराच वेळ निघून गेलेला असतो. शिवाय स्थूल रुग्णाची मान आखूड व भरीव असल्याने पुन्हा नळी घालणे अधिक अवघड ठरू शकते आणि गंगाजळी आधीच आटलेली असल्याने तेवढ्या अवधीत त्याचा प्राणवायू फार झपाट्याने उतरतो.

आपल्याकडील स्थूलता

स्थूलता हा पाश्चात्त्य देशांचा प्रश्न आहे, असे म्हणण्याचे दिवस गेले. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुष यांचा बीएमआय २५ किंवा त्याहून अधिक आढळला. किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की हा निर्देशांक मिळतो. १ मीटर ६० सेंटिमीटर उंची आणि १०० किलो वजन असलेल्या व्यक्तीचा बीएमआय ३९ येतो. जागतिक पातळीवर ३० आणि त्यापुढील निर्देशांकास स्थूलता म्हणतात. भारतीय तज्ज्ञांनी मात्र २००९ साली आपल्या लोकांसाठी ही मर्यादा २५ अशी सुचविली.

ही मर्यादा खाली का आणावी लागली, याचे एक बोलके उदाहरण पुण्यातील आहे. तेथील के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आपली दोघांची छायाचित्रे शेजारीशेजारी प्रसिद्ध केली. दोघांचाही बीएमआय २२.३ होता. परंतु डॉ. युडकिन यांच्या शरीरातील चरबी ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांच्या शरीरातील चरबी २१.२ टक्के भरली. काट्यावर सारखी दिसणारी दोन शरीरे आतून किती निराळी असू शकतात, हे त्या एका पानाने जगास दाखविले. भारतीय शरीरात चरबी पोटाभोवती साठण्याकडे कल असतो, आणि उताणे निजलेल्या रुग्णाचे श्वासपटल वर ढकलणारी चरबी तीच. यामुळे आमचे डॉक्टर केवळ वजनाच्या आकड्यावर विसंबत नाहीत, पोटाचा व मानेचा घेरही पाहतात.

दुसरे उदाहरण मुंबईचे आहे. हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उडवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतील ३५ ते ६५ वयाच्या, वरकरणी निरोगी पुरुषांच्या झोपेतील श्वासाचा अभ्यास केला. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १९.५ टक्के पुरुषांच्या झोपेत श्वासाचा अडथळा आढळला आणि ७.५ टक्के पुरुषांना त्याबरोबर दिवसा पेंगही येत होती. वजन, मानेचा घेर आणि घोरणे यांचा या विकाराशी निकटचा संबंध दिसून आला. घोरणाऱ्या माणसास गाढ झोप लागली आहे, असे आपल्याकडे कौतुकाने म्हणतात. प्रत्यक्षात अनेकदा त्याचा घसा मिटत असतो आणि श्वास क्षणभर थांबत असतो. अशा व्यक्तीची नळी काढल्यानंतर गुंगीचा थोडा अंश शिल्लक असला, तरी तोच अडथळा अधिक तीव्र होऊ शकतो.

मास्क काय करतो

ज्यास सर्वजण बायपॅप म्हणतात, त्या उपचारात नाकातोंडावर घट्ट बसणारा मास्क लावून यंत्राद्वारे दोन पातळ्यांवर दाब देण्यात येतो. श्वास घेताना अधिक दाब मिळाल्याने स्नायूंचे श्रम कमी होतात. श्वास सोडताना राखलेला थोडा दाब वायुकोशांना व घशाला मिटू देत नाही. नळी काढल्यामुळे नाहीसा झालेला आधार अशा रीतीने बाहेरून परत मिळतो. या उपचाराचे एक मूळ १९८१ सालातील आहे. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी झोपेत घसा मिटणाऱ्या रुग्णांना नाकावाटे सतत हवेचा दाब देऊन त्यांचा श्वास मोकळा करून दाखविला होता.

हाय-फ्लो हा याहून सौम्य पर्याय होय. त्यात नाकातील मऊ नळ्यांतून गरम व दमट केलेली, प्राणवायूयुक्त हवा मिनिटाला ६० लिटरपर्यंतच्या वेगाने देतात. रुग्णास ते सोसणे सोपे जाते, परंतु त्यातून मिळणारा दाब मास्कच्या तुलनेत कमी असतो. दिवसातून काही तास मास्क आणि मधल्या वेळेत हाय-फ्लो किंवा साधा प्राणवायू, अशी आलटूनपालटून योजनाही करता येते.

मास्क प्रत्येकास चालत नाही. जो रुग्ण शुद्धीवर नाही, ज्यास उलट्या होत आहेत, ज्यास कफ बाहेर टाकता येत नाही किंवा ज्याच्या चेहऱ्यास दुखापत आहे, त्यास मास्क धोकादायक ठरू शकतो. अन्ननलिकेच्या किंवा जठराच्या ताज्या शस्त्रक्रियेनंतर शल्यचिकित्सकाच्या संमतीखेरीज तो लावीत नाहीत.

आधी की नंतर

येथे आपण मूळ प्रश्नाशी येतो. धाप लागलेली नसताना मास्क का? धाप लागल्यावर लावला तर चालणार नाही का?

याचे उत्तर २००४ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' मध्ये आले. आठ देशांतील ३७ केंद्रांत २२१ रुग्णांवर हा अभ्यास झाला. ते सर्वच स्थूल नव्हते, पण नळी काढल्यानंतर त्यांना धाप लागलेली होती. काहींना मास्क लावला, इतरांना नेहमीचे उपचार दिले. मास्कच्या गटातील २५ टक्के रुग्ण अतिदक्षता विभागात दगावले, दुसऱ्या गटातील १४ टक्के. धाप सुरू झाल्यापासून पुन्हा नळी घालेपर्यंतचा वेळ मास्कच्या गटात साधारण १२ तास होता, दुसऱ्या गटात अडीच तास. मास्कच्या भरवशावर वाट पाहण्यात मोलाचे तास गेले, असा त्याचा अर्थ लावण्यात आला. म्हणून युरोपीय व अमेरिकी श्वसनरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१७ साली संयुक्तपणे जी मार्गदर्शक सूत्रे दिली, त्यांत अधिक जोखमीच्या रुग्णांना धाप लागण्यापूर्वीच मास्क द्यावा असे सुचविले आहे, आणि धाप लागल्यानंतर तो उपाय म्हणून वापरू नये असेही सुचविले आहे.

स्थूल रुग्णांविषयीचा मोठा अभ्यास फ्रान्समधील असून तो २०२३ साली 'लॅन्सेट' समूहाच्या श्वसनरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात बीएमआय ३० किंवा अधिक असलेल्या ९८१ रुग्णांची नळी काढल्यानंतर चिठ्ठी टाकावी तशी दोन गटांत विभागणी केली होती. मास्कच्या गटातील ४९० पैकी ६६ जणांच्या बाबतीत, म्हणजे १३.५ टक्के रुग्णांत, उपचार अपयशी ठरला. केवळ प्राणवायू किंवा हाय-फ्लो दिलेल्या ४९१ पैकी १३० जणांच्या बाबतीत, म्हणजे २६.५ टक्के रुग्णांत, तो अपयशी ठरला. प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले.

हा आकडा देणगीदारांसमोर ठेवताना त्याची दुसरी बाजूही ठेवणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. या अभ्यासात अपयश म्हणजे केवळ पुन्हा नळी घालणे नव्हे. एका उपचारावरून दुसऱ्यावर जावे लागणे किंवा उपचार मध्येच सोडावा लागणे, हेही त्यात धरले होते. केवळ पुन्हा नळी घालण्याचा विचार केला, तर दोन्ही गटांतील फरक योगायोगापलीकडचा ठरला नाही. प्राणवायूच्या गटातील ज्या रुग्णांची प्रकृती बिघडू लागली, त्यांपैकी अनेकांना डॉक्टरांनी मास्क लावला होता, हेही येथे लक्षात घ्यावे लागते. तसेच हा अभ्यास ३० आणि त्यापुढील बीएमआयच्या फ्रेंच रुग्णांचा आहे. त्याचा निष्कर्ष २५ ते ३० मधील आपल्या रुग्णांना जसाच्या तसा लागू होईल, असे म्हणता येणार नाही. तेव्हा मास्क ही संजीवनी आहे असा आमचा दावा नाही. योग्य रुग्णास, योग्य वेळी आणि जागरूक देखरेखीखाली दिल्यास बिघाडाची शक्यता तो कमी करतो, एवढे म्हणण्यास मात्र आधार आहे. आणि तो लावूनही धाप वाढत असेल, तर विलंब न करता पुन्हा नळी घालणे हेच रुग्णाच्या हिताचे असते. तो डॉक्टरांचा पराभव मानू नये.

नातेवाइकांना विनंती

या उपचारात कुटुंबाचा वाटा फार मोठा आहे. पहिली विनंती अशी की, रुग्ण झोपेत घोरतो का, मध्येच श्वास अडकल्यासारखा होतो का, दिवसा पेंगतो का, हे डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता सांगावे. ही माहिती कोणत्याही यंत्रातून मिळत नाही, ती घरच्या माणसांकडेच असते.

दुसरी विनंती, रुग्णाने कितीही आर्जव केले तरी स्वतःहून मास्क काढू नये आणि विचारल्याशिवाय तोंडात काही घालू नये. नळी निघालेल्या माणसास दोन घोट चहा किंवा पेज द्यावी, असे वाटणे मायेचेच आहे. परंतु नळीमुळे काही काळ गिळण्याची क्रिया मंदावलेली असते, मास्कच्या दाबाने पोटात हवाही जाते, आणि घास श्वासनलिकेत गेल्यास सारे श्रम व्यर्थ जातात.

तिसरी विनंती, मास्कमुळे रुग्ण घाबरतो, गुदमरल्यासारखे वाटते म्हणतो, तेव्हा त्याचा हात धरून धीर द्यावा. पहिला अर्धा तास कठीण जातो, त्यानंतर बहुतेकांना सवय होते. परिचारिका नाकातील चमकी किंवा नथ काढावयास सांगतात, अंबाडा सोडून केसांच्या दोन वेण्या घालतात, ते मास्कच्या कडेने हवा निसटू नये आणि पट्टे नीट बसावेत म्हणून. त्याबद्दल गैरसमज नसावा.

शेवटची विनंती वागण्याविषयीची आहे. वजनावरून रुग्णास दोष देऊ नये, थट्टा तर मुळीच करू नये. स्थूलतेमागे आनुवंशिकता, अंतःस्रावी विकार, औषधे, कामाचे स्वरूप, अन्न अशी अनेक कारणे असतात. लाजेपोटी उपचारास उशिरा येणारा रुग्ण अधिक गंभीर अवस्थेत येतो. आमच्या कर्मचारीवर्गासही हीच सूचना आहे.

खर्चाचा हिशेब

उरण, पेण, खालापूर, कर्जत या भागांतून महामार्गाने पनवेलकडे येणाऱ्या कुटुंबांपैकी अनेकांसाठी अतिदक्षता विभागातील प्रत्येक दिवस म्हणजे वाढते कर्ज असते. पुन्हा नळी घालावी लागणे म्हणजे असे किती दिवस वाढतील, हे कोणीच सांगू शकत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमानुसार आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखावयाच्या असतात, तसेच एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. हा निधी मर्यादित आहे. एका रुग्णाचा लांबलेला मुक्काम म्हणजे दुसऱ्या गरजूसाठी उपलब्ध असलेल्या रकमेतील घट होय, हे हिशेब पाहणाऱ्यास लगेच दिसते.

मास्कचे निराळे यंत्र असले म्हणजे व्हेंटिलेटर पुढील रुग्णासाठी मोकळा होतो. परंतु देणगीदारांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी अशी आमची नम्र सूचना आहे. यंत्र ताळेबंदात मालमत्ता म्हणून दिसते, त्यावर दात्याच्या नावाची पट्टीही लावता येते. परिचारिकेने रात्री जागून घालविलेला तास मात्र खर्चाच्या बाजूला पडतो आणि वर्षअखेरीस पुसला जातो. या उपचाराचे यश मुख्यतः त्या तासावर अवलंबून आहे. मास्क सैल झाला का, नाकाच्या दांड्यावर व्रण पडतो आहे का, रुग्णाची डोक्याकडील बाजू उंच आहे ना, कफ निघाला का, श्वासाची गती हळूहळू वाढते आहे का, हे पाहणारे डोळे कोणत्याही यंत्राबरोबर खोक्यातून येत नाहीत. छातीचे व्यायाम करून घेणाऱ्या फिजिओथेरपिस्टचेही तसेच आहे. म्हणून मास्कचे निरनिराळे आकार, वीज गेल्यास यंत्र चालू ठेवणारी बॅटरी, जड रुग्णास बसते करणारी भक्कम खाट यांबरोबरच प्रशिक्षित मनुष्यबळासाठीही देणगीदारांनी हातभार लावावा, ही आमची प्रार्थना आहे.

घरी जाताना अशा रुग्णांना आमचे डॉक्टर झोपेची तपासणी करून घेण्याचा आणि आवश्यक असल्यास घरी रात्री मास्क वापरण्याचा सल्ला देतात. तो सल्ला टाळू नये. आहार, हालचाल आणि मधुमेह व रक्तदाब यांचे नियंत्रण यांविषयीचे मार्गदर्शनही त्याच वेळी मिळते.

नळी निघालेला रुग्ण बरा दिसत असताना त्याच्या तोंडावर मास्क दिसला, तर प्रकृती बिघडली असे समजू नये. ती बिघडू नये म्हणून घेतलेली ही काळजी आहे. त्या अठ्ठेचाळीस तासांत डॉक्टर, परिचारिका आणि कुटुंब यांनी एकमेकांवर विश्वास ठेवून सोबत राहावे, एवढीच अपेक्षा. 

आपले विनम्र,
रुग्णालय व्यवस्थापन, पनवेल